भिंतीवरच्या आत्या

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांची किल्ली हातात देताना घरमालकीणबाईंनी आम्हाला एकच अट घातली होती. "बाकी काय पण करा बाई, भिंतीला खिळा मारायचं नाही बघा. भिंत खराब होतंय." त्यांच्या घरात तेलुगू चालायची आणि आमच्याशी त्या अशा त्यांच्या मराठीत बोलायच्या. माणूस फार चांगलं. सणावाराला झाकलेली ताटली यायची, माझ्या बाळंतपणात रोज सकाळी गरम पाण्याची बादली त्यांनीच भरून दिली. पण खिळ्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलायचा.

लेक कॉलेजात जाईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो, आणि तेवढी सगळी वर्षं आमच्या घरात प्रत्येक वस्तू कशाला तरी टेकलेली असायची. कॅलेंडर खिडकीच्या गजाला दोऱ्याने बांधलेलं. घड्याळ फ्रीजवर, त्यामुळे फ्रीज थरथरला की तेही थरथरायचं. लग्नाचा फोटो कपाटावर ट्रंकेला टेकून. लेकीला शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं तेव्हा ते चित्र कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलं. साडी काढायला दार उघडलं की ते दिसायचं आणि दार लावलं की जायचं.

मग जुळे सोलापूरला आमचा फ्लॅट झाला. दुसरा मजला, आणि दार उघडल्या उघडल्या समोर हॉलची लांबलचक, मोकळी भिंत. सामान लागलं, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले. प्रत्येकजण जाताना त्या भिंतीकडे बघून म्हणाला, "इथं काहीतरी मस्त लावा." आम्हीही मान डोलावली.

पण खिळा मारायची वेळ आली की माझ्या नवऱ्याचा हात थांबायचा. हे हातोडी घेऊन खुर्चीवर चढायचे, पेन्सिलीने खूण करायचे, खाली उतरून लांबून बघायचे, पुन्हा चढायचे. मग तळव्याने भिंत चाचपत म्हणायचे, "रंग किती गुळगुळीत बसलाय बघ." आणि हातोडी परत ड्रॉवरमध्ये जायची.

मी एकदा म्हटलं, "अहो, आता भिंत आपली आहे."

"आपली आहे म्हणूनच," हे म्हणाले.

मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तिथे भिंतीवर इतके फलक, तक्ते आणि फोटो आहेत की रंग कुठला ते सांगता येणार नाही. घरी आल्यावर ती कोरी भिंत बघून मला आधी बरं वाटायचं, मग हळूहळू खटकायला लागलं. शेवटी एका रविवारी मी ह्यांना स्कूटरवर बसवलं आणि नवी पेठेत नेलं.

दुकानदाराने आमच्यापुढे निम्मं दुकान मांडलं. धबधबा होता आणि त्यात खरंच पाणी पडल्यासारखा दिवा फिरायचा. पोट सुटलेले हसरे बुवा होते. समुद्रकाठी धावणारे पांढरे घोडे होते. "हे न्या साहेब, वास्तूला एकदम चांगलं," तो म्हणाला. हे बराच वेळ घोड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, आवडले. तर ह्यांनी विचारलं, "हे घोडे घरात येतायत की घरातून चाललेत?" दुकानदाराने घोड्यांकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि म्हणाला, "ते तुम्ही कुठल्या भिंतीला लावता त्यावर आहे." त्यावर ह्यांनी असा काही चेहरा केला की मला दुकानातच हसू फुटलं.

तिथून आम्ही मागावर विणलेली वॉल हँगिंग मिळतात त्या दुकानात गेलो. मोर, हत्ती, बैलगाडी, पाणवठ्यावरच्या बाया, सगळं रंगीत सुतात. भवानी पेठेत आमच्या शेजारी हीच विणली जायची, पण घ्यायचा विचार कधी मनात आला नव्हता. लावणार कुठे? एक मोर मला फार आवडला. हे म्हणाले, "छान आहे. पण घरी जाऊन विचार करू." विचार करायला घरी आलो आणि भिंत तशीच राहिली.

त्या दिवाळीला आम्ही गावी, जेऊरला गेलो. तिथे माझे मोठे दीर शेती बघतात आणि सासूबाई त्यांच्याजवळ असतात. मी सासूबाईंना आत्या म्हणते. सत्तरी ओलांडलेली, काटक, सडसडीत बाई. गुडघ्यांनी दगा दिलाय, पुढचे दोन दात पडलेत, पण जीभ चालती आहे. पाडव्याच्या सकाळी त्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. ह्यांनी आंघोळ करून नवा लेंगा वाळत टाकला, का तर त्याला जरा पाणी लागलं होतं. आणि हे पाठमोरे होताच शेळीने त्या लेंग्याची नाडी तोंडात धरून ओढायला सुरुवात केली. हे टॉवेलवर शेळीमागे, शेळी नाडी सोडेना, लेंगा मातीतून फरफटत चाललेला. एरवी आत्या हसताना तोंडावर पदर धरतात. आम्ही सगळ्या बायका धरतो. पण त्या दिवशी दोन्ही हातांत शेंगा होत्या. त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि तोंड उघडून हसल्या. माझ्या लेकीच्या हातात मोबाइल होताच.

लेक पुण्याला शिकते. जानेवारीत सुट्टीला आली ती ब्राऊन पेपरात गुंडाळलेलं एक भलं मोठं चौकोनी पार्सल घेऊन. एस.टी.त उभं राहून, ते अंगाशी धरून तिने आणलं होतं. कागद फाडला तर आत आत्या. कॅनव्हासवर छापलेल्या, लाकडी चौकटीत, खिडकीएवढ्या. नाकावर घसरलेला चष्मा दिसत होता, गालावरची प्रत्येक सुरकुती दिसत होती, पडलेल्या दातांची जागा दिसत होती, हनुवटीला चिकटलेलं शेंगदाण्याचं लाल सालसुद्धा दिसत होतं. कोपऱ्यात निळ्या खुर्चीचा हात आणि मागे पत्र्यावरची डिश.

"ही लावायची त्या भिंतीवर," लेक म्हणाली.

ह्यांनी फोटोकडे पाहिलं. मग सरळ ड्रॉवरकडे गेले. पण खुर्चीवर चढल्यावर पुन्हा तेच, तळवा भिंतीवर आणि हातोडी हातात. लेकीने थोडा वेळ वाट बघितली, मग खालच्या मजल्यावरून कुणाकडून तरी ड्रिल मशीन मागून आणलं आणि म्हणाली, "बाबा, उतरा खाली." मी पेपर अंथरला. मशीन घरघरलं, विटेचा लाल भुगा पेपरावर पडला, हे दोन्ही हात डोक्यावर ठेवून बघत होते. भोक पडलं. भिंत जागेवरच होती.

"एवढंच?" हे म्हणाले.

"एवढंच," लेक म्हणाली आणि स्क्रू बसवला.

आत्या त्याच आठवड्यात गुडघे दाखवायला सोलापूरला येणार होत्या. हे त्यांना स्टेशनवरून रिक्षाने घेऊन आले. लेकीने दारातच आजीच्या डोळ्यांवर हात ठेवले, हळूहळू आत आणलं, भिंतीसमोर उभं केलं आणि हात काढले.

आत्यांनी वर बघितलं. मग सवयीने पदर डोक्यावर ओढला, वडीलधारं कोणी समोर आल्यावर ओढतात तसा.

"ही कोन?"

"आजी, तूच की!"

"मी कशी आसंन? मी हितं हुबी हाय." त्या आणखी जवळ गेल्या, बोटाने चौकट चाचपली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग ह्यांच्याकडे वळल्या. "जित्या मानसाचा फोटू भितीवर लावत्यात व्हय रं? लई घाई झाली का काय तुमास्नी?"

"अगं आई, आता सगळेच लावतात," हे म्हणाले.

"लावू द्यात की. त्यास्नी मरायचं आसंल. मला न्हाय."

आम्ही हसलो, पण आत्या हसल्या नाहीत. जेवायला बसल्या त्या भिंतीकडे पाठ करून. लेकीने आजीच्या आवडीचं लसणाचं तिखट स्वतः कुटलं होतं, त्याला त्यांनी बोटही लावलं नाही. सकाळी मी चहा ठेवायला उठले तर फोटो भिंतीकडे तोंड करून लटकत होता आणि आमच्याकडे मागचा खाकी पुठ्ठा होता. गुडघा धरून चालणारी बाई खुर्चीवर कधी चढली, आम्हाला कळलंही नाही.

लेक एवढीशी झाली. "मला वाटलं, आजी खूश होईल," ती म्हणाली. फोटो पुन्हा फिरवायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही. तो पुठ्ठा दोन दिवस तसाच आमच्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या दुपारी आत्या आणि मी हॉलमध्ये गवार मोडत बसलो होतो. लेक मैत्रिणीकडे गेली होती, हे ऑफिसात. मी म्हटलं, "आत्या, एक विचारू? फोटोचा एवढा राग का आला?"

त्यांनी शेंगेची शीर काढली, ताटलीत टाकली. "राग न्हाय गं. भ्या वाटतं."

"कशाचं?"

"जेऊरच्या घरात माज्या सासऱ्याचा फोटू हाय बग. खुर्चीवर बसल्याला, पटका बांधल्याला."

तो फोटो मी लग्न झाल्यापासून बघत होते. ताठ बसलेला, रुंद मिशांचा माणूस, डोळे अगदी टक लावून समोर.

"त्यो गेल्यावर काडल्याला हाय," आत्या म्हणाल्या. "जित्तेपनी कुनी काडला न्हाय. गेल्यावर समद्यास्नी सुचलं. करमाळ्याहून फोटोवाला आनला. मग मड्याला खुर्चीवर बसवलं, पडू ने म्हनून मागनं उपरण्यानं बांदलं. मी नवी नवरी, दारामागनं बगत हुते. डोळं काय उगडं ऱ्हाईनात. मग फोटोवाल्यानं नंतर फोटूवर पेनानं डोळं काडलं. तवापासनं फोटू म्हनलं की मला ती खुर्ची दिसती बग."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. इतकी वर्षं त्या डोळ्यांखालून मी चहाचे कप नेले होते.

ती शेंग मोडत मी विचारलं, "आणि तुमच्या आईचा फोटो?"

"न्हाय."

"एकही?"

"तिच्यासाटी कोन आननार फोटोवाला? बाईमानूस. माजं लगीन झालं आन दोन-तीन वर्सांत ती गेली. आता डोळं मिटलं की तिचं हात दिसत्यात. बांगड्या दिसत्यात, हिरव्या. चुलीम्होरं बसल्याली पाठ दिसती. त्वांड काय येत न्हाय डोळ्यांम्होरं. लई आटवून बगितलं."

त्यांनी हे रडत सांगितलं नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं आणि पुढची शेंग घेतली. मग मान वर करून त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या.

"काड बगू त्यो खाली," एकदम म्हणाल्या.

मी फोटो उतरवला आणि सोफ्याला टेकवून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी गवारीची ताटली बाजूला सरकवली, गुडघ्यांवर हात टेकवून वाकल्या. आधी लांबून बघितलं, मग जवळून. मग दोन बोटं पुढे करून फोटोतला आपला चष्मा झाकला. बोटं काढली. पुन्हा झाकला.

"हे गाल बग," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "दात गेलं म्हनून आत बसल्यात. आयचं बी असंच बसलं हुतं. चाळिशीतच दात गेल्तं तिचं." मग हनुवटीवरून बोट फिरवत खाली आल्या. "आन ही हनवटी. हितं खळगा हाय बग, हितं."

मी फोटोकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. त्यांचा हात आता त्यांच्या स्वतःच्या हनुवटीवर होता.

"आय हाय की गं ही," आत्या म्हणाल्या. "माजी आय हाय. मी कवा इतकी म्हातारी झाले तेच कळलं न्हाय मला."

मग त्यांनी पदराने फोटोवरची धूळ पुसली, खरं तर नसलेलीच, आणि मला म्हणाल्या, "लाव वर. मला न्हवं. आयला लाव."

संध्याकाळी लेक परत आली तर फोटो सरळ, आणि खाली खुर्ची टाकून आजी बसलेली. काय झालं ते सांगितल्यावर ती आजीच्या गळ्यातच पडली. आत्या म्हणाल्या, "सोड की, गुडघा दुकतोय," पण स्वतः काही तिला सोडलं नाही.

गुडघ्यांच्या उपचारांसाठी आत्या मुक्कामालाच राहिल्या, आणि पुढचे दिवस मजेचे होते. दारात कोणीही आलं की आत्या भिंतीकडे हात करायच्या, "ही माजी आय." येणारा माणूस फोटोकडे बघायचा, आत्यांकडे बघायचा आणि गोंधळून आमच्याकडे बघायचा. माझ्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या, त्यांनी बिचकत विचारलं, "पण आजी, तुमच्या आईच्या वेळी डिश होती घरावर?"

"आयच्या येळी काईच न्हवतं," आत्या म्हणाल्या. "डिश फोटूच्या येळची हाय."

बाईंनी "असं होय" म्हणून चहा प्यायला. मी स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं.

मग अमावस्या आली. आत्यांनी ह्यांना सकाळीच सांगितलं, "येताना शेवंतीचा हार आन. आयला घालायचा." हे आज्ञाधारक. त्यांनी चांगला जाड पिवळा हार आणला, फोटोला घातला, खाली उदबत्ती लागली. मला क्षणभर कसंसंच झालं, पण आत्या इतक्या प्रसन्न होत्या की मी काही बोलले नाही. एरवी रोज संध्याकाळी त्या खाली बाकावर जाऊन बसायच्या. त्या आठवड्यात मात्र गुडघा सुजला म्हणून डॉक्टरांनी जिने आणि फिरणं बंद केलं होतं. त्यामुळे चार दिवस बिल्डिंगमध्ये त्या कोणाला दिसल्याच नव्हत्या. आणि सकाळी हवा यावी म्हणून आमचं दार मात्र उघडं असायचं.

रविवारी सकाळी मी ओट्यापाशी होते. दार वाजलं. ते लोटलेलं होतं आणि आत्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनीच उठून उघडलं. मी हात पुसत बाहेर आले तर दारात वरच्या मजल्यावरच्या बाई आणि त्यांचे मिस्टर. आमची ओळख फक्त लिफ्टमधल्या नमस्कारापुरती. बाईंच्या हातात मोठा स्टीलचा डबा, डोळे ओले, डोक्यावर पदर. मिस्टर हात जोडून उभे. आणि त्यांच्यासमोर, भुवया उंचावून, माझ्या सासूबाई.

बाई एक पाऊल मागे सरकल्या. त्यांनी आत्यांच्या डोक्यावरून आत भिंतीकडे बघितलं, हार बघितला, पुन्हा आत्यांकडे बघितलं.

"आजी... तुम्ही..."

"व्हय, मीच," आत्या म्हणाल्या. "या की. हुब्या का?"

"नाही म्हणजे, आम्हाला वाटलं... हार दिसला, उदबत्ती... तुम्ही खाली पण आला नाहीत..." बाईंनी डबा पोटाशी धरला. मिस्टरांनी जोडलेले हात सोडून पाठीमागे नेले, मग पुन्हा जोडले.

आत्यांनी मागे वळून भिंतीकडे बघितलं. मग डब्याकडे. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारीपाजारी भाकरी घेऊन येतात, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. जेऊरला त्यांनी असे कितीतरी डबे पोचवले असतील. त्यांच्या लक्षात आलं ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं. आधी खांदे हलले. मग त्यांनी दाराची चौकट धरली, डोळे मिटले, मान मागे टाकली आणि फोटोतल्यासारख्याच हसत सुटल्या. पदर बिदर काही नाही.

"ज्वारीची हाय का भाकरी?" हसू आवरत त्यांनी विचारलं.

बाईंनी मान डोलावली.

"आन पिटलं?"

"हो. लसूण घालून."

"मग आत आना की! गार झाल्यावर काय गोडी?"

त्या दोघांना आम्ही आत बसवलं. बाईंचा जीव लाजेने अर्धा झाला होता, पण आत्यांनी स्वतः डबा उघडला, सगळ्यांना भाकरी तोडून दिली आणि स्वतः दोन घेतल्या. हे आंघोळ करून बाहेर आले तर हॉलमध्ये पंगत. काय झालं ते कळल्यावर ह्यांना असा ठसका लागला की मिस्टरांना उठून पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. आत्यांनी जेवण होताच मोबाइल मागितला आणि जेऊरला दिरांना फोन लावला. "आरं ऐक, माज्या मयताची भाकरी म्याच खाल्ली! व्हय, व्हय. पिटलं लई झ्याक हुतं!" तिकडे दिरांनी फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण निम्मी गल्ली हसल्यासारखा आवाज आला.

हार आत्यांनीच काढायला लावला. "आयला नगं हार. लोक मला जाळाय निगालेत," म्हणाल्या. तो हार निर्माल्यात गेला. वरच्या बाई त्यानंतर रोज यायला लागल्या. आत्यांनी त्यांना शेंगदाण्याची चटणी उखळात कशी कुटायची ते दाखवलं, आणि त्यांनी आत्यांना मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावायला शिकवला.

ह्यांचं तर वेगळंच झालं. खालच्या मजल्यावर परत गेलेलं ड्रिल मशीन ह्यांनी पुन्हा मागून आणलं, आणि काही दिवसांनी तर स्वतःचंच विकत घेतलं. घड्याळ भिंतीवर गेलं. कॅलेंडर गेलं. लग्नाचा फोटो बेडरूममध्ये लागला. आम्ही दोघं त्यात इतके बारीक की लेकीला खरं वाटेना. किल्ल्यांना आकडे, छत्रीला आकडा, स्वयंपाकघरात झाऱ्याला वेगळा आणि उलथन्याला वेगळा. एका शनिवारी हे मला न सांगता गेले आणि तो विणलेला मोर घेऊन आले. मी ऑफिसातून आले तेव्हा तो जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीवर पिसारा फुलवून होता आणि हे जमिनीवर बसून लाल भुगा गोळा करत होते.

"सरळ लागलाय ना?" ह्यांनी विचारलं.

किंचित वाकडा होता. मी म्हटलं, "अगदी सरळ."

"आता अजून एक जागा राहिलीये, त्या खिडकीच्या..."

"पुरे," मी म्हटलं, "घराची चाळणी करता काय?"

होळीच्या आधी लेक पुन्हा सुट्टीला आली असतानाच आत्यांचे थोरले भाऊ, ह्यांचे मामा, आमच्याकडे आले. वय नव्वदीकडे झुकलेलं, पाठ वाकलेली, हातात काठी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि ते तपासून घ्यायला सोलापूरला यायचं होतं. बहिणीला भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणाले. आत्या सकाळपासून चार वेळा दारापर्यंत जाऊन आल्या. त्यांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं, "त्याला कुनी काय सांगू नगा."

मामा ह्यांच्या हाताला धरून आत आले. पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्यांची नजर फिरत फिरत भिंतीपाशी येऊन थांबली. ते उठले. काठी टेकत भिंतीपर्यंत गेले. आत्या त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी मुलं उभी राहतात तशा.

मामांनी बरा झालेला डोळा फोटोजवळ नेला.

"आयचा फोटू?" मामा म्हणाले. "बाई, कुटं घावला ह्यो तुला?"

आत्यांनी तोंडावर हात ठेवला. मग लेकीनेच पुढे होऊन मामांना सगळं सांगितलं, शेळीचं, नाडीचं, मोबाइलचं. मामांनी ते ऐकून घेतलं. पटलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण त्यांनी फोटोवरची नजर काढली नाही.

"हनवटी तीच," ते म्हणाले. "गाल बी तेच. पर एक हाय बग. आय आशी हसताना मी कदीच बगितली न्हाय. हसायला तिला येळ कुटं हुता?"

"मग आता हसू दे की तिला," आत्या म्हणाल्या.

मामांनी मान डोलावली. आणि मी जेवणाच्या टेबलावर ताटं मांडायला लागले तशी त्यांनी काठीने जमिनीवर टकटक केलं. "पोरी, माजं ताट हिकडं घे," ते म्हणाले आणि फोटोसमोर खाली पाय पसरून बसले. आत्याही गुडघा धरत, कण्हत त्यांच्या शेजारी बसल्या. मग आम्ही सगळेच खाली बसलो. मामांनी भाकरी कुस्करली, त्यावर आमटी ओतली आणि पहिला घास घेण्याआधी पुन्हा एकदा वर बघितलं.